वकिली आणि इतिहासाचा पेपर

‘वकीलच व्हायचे आहे, तर इतिहास, समाजशास्त्र कशाला?’ नागसेनवनातले विद्यार्थी मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. प्रश्न गैर नाही. खेड्यातून औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात आलेल्या, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे मोजणाऱ्या मुलाला सनद लवकर हाती पडावी असे वाटणारच. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असो की पदवीनंतरचा तीन वर्षांचा, कलाशाखेचे विषय म्हणजे वाटेतला जकातनाका. गाइड आणायचे, पास व्हायचे, मोकळे व्हायचे.

मला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण महाडचा खटला आहे. 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे चाललेला दावा मात्र फारसे कोणी वाचत नाही. सवर्ण वादींचे म्हणणे असे की, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव ही पुरातन रूढी आहे. आता रूढीला कायद्याचे बळ यायचे, तर ती अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणजे वाद कलमांपुरता राहिला नाही, तो इतिहासाचा झाला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नव्हते. तळ्याभोवती सवर्णांची घरे होण्यापूर्वी पाणी आपल्यापुरतेच राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल काय, अशी शंकाही न्यायमूर्तींनी व्यक्त केली. घरे केव्हा झाली, कोणाची झाली, हे कोणत्या कलमात सापडणार?

या दाव्यात प्रतिवादी होते बाबासाहेब. कोलंबियात अर्थशास्त्राच्या जोडीने समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अभ्यासलेला हा माणूस 1922 मध्ये बॅरिस्टर झाला. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. पूरक विषयांवाचून नुसता कायदा वकिलाला पुरत नाही, असे त्यांचे त्यात म्हणणे होते.

आपल्या मराठवाड्यात तर ही गरज अधिकच आहे. 1948 पर्यंत येथे निजामाचे राज्य होते. गायरानाचा, इनामाचा वाद निघाला की जुनी नोंद उर्दूत निघते. अॅट्रॉसिटीचा 1989 चा कायदा घ्या. जातीवरून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला का, यावर खटला अडतो. वाड्याचे अंगण आणि वेशीतला पार यांत फरक काय, तेथे कोण उभा राहू शकतो, हे साक्षीदाराकडून वदवून घ्यायचे असते. ज्याला गाव वाचता येत नाही तो काय विचारणार? (आपली मुले गावातूनच येतात, पण नुसते तेथे राहिल्याने ते वाचता येते असे नाही.)

म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी कलम पाठ करायला सांगत नाही. आपल्या गावच्या एखाद्या जुन्या जमीन-नोंदीची नक्कल काढून आण, म्हणतो. बहुतेक जण नक्कल घेऊन येतात ते उर्दू वाचणारा कोणी म्हातारा कुठे भेटेल, हे विचारतच.