वीजव्यवहारात नागरिकांचा सल्ला : कामठी तालुक्याच्या संदर्भात एक विचार

तज्ज्ञांचा निर्णय आणि नागरिकांचा सल्ला यांची सांगड कशी घालावी, हा लोकप्रशासनाच्या अभ्यासातील एक जुना प्रश्न आहे. वीजपुरवठ्याच्या क्षेत्रात तो विशेष अवघड होतो. विजेची निर्मिती, वहन व वितरण या क्रिया तांत्रिक असल्या, तरी त्यांचे परिणाम सामान्य माणसाच्या बिलावर, पाण्यावर व श्वासावर होत असतात. अशा व्यवहारात नागरिकांच्या सल्लागार मंडळास कोणते स्थान असू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात कामठी तालुक्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

प्रथम अशा मंडळाचे स्वरूप पाहू. अमेरिकेतील ऑस्टिन या नगरातील वीजसंस्था नगराच्याच मालकीची असून तिच्या धोरणांविषयी नगरपरिषदेस सल्ला देण्याकरिता नागरिकांचा एक स्थायी आयोग नेमलेला असतो. विजेचे दर, ऊर्जास्रोतांची निवड, कोळशाचा वापर कमी करण्याची योजना असे विषय त्याच्यापुढे येतात. अंतिम निर्णय मात्र नगरपरिषदेचा असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वीजसंस्थेचा मालक, सल्ला घेणारा आणि मतदारांना जबाब देणारा हे तिघेही ऑस्टिनमध्ये एकच आहेत. त्यामुळे सल्ला डावलला गेला, तर त्याची विचारणा कोणाकडे करावयाची हे नागरिकाला ठाऊक असते.

महाराष्ट्रात नगराच्या मालकीच्या वीजसंस्थेचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा बेस्ट उपक्रम होय. तो १९४७ साली महानगरपालिकेच्या ताब्यात आला. त्याच्या समितीवर नगरसेवकांखेरीज वाहतूक, वीजपुरवठा, अभियांत्रिकी इत्यादी क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तीही नेमता येतात. परंतु ती कारभार पाहणारी समिती आहे. तिला सल्लागार मंडळ म्हणता येणार नाही.

कामठीची स्थिती या दोन्हींहून निराळी आहे. येथील वीजवितरण महावितरणकडे आणि तालुक्यातील कोराडी येथील वीजनिर्मिती महानिर्मितीकडे आहे. या दोन्ही कंपन्या २००५ साली राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनातून निर्माण झाल्या. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. नगरपालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यांवरील दिवे, पाणीपुरवठा आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय आहेत, वीजनिर्मिती नाही. म्हणजे दिवा लावणे हे स्थानिक संस्थेचे काम, परंतु त्या दिव्यासाठी वीज कशापासून निर्माण व्हावी, याविषयी तिला बोलण्याची जागा नाही.

ही जागा पूर्वी कायद्यात काही अंशी होती. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याच्या १६ व्या कलमान्वये प्रत्येक राज्यात एक विद्युत सल्लागार परिषद नेमावयाची होती, आणि तिच्यावर ज्या हितसंबंधांचा प्रतिनिधी असणे आवश्यक होते, त्यांत वाहतूक, शेती, कामगार व ग्राहक यांच्या बरोबरीने स्थानिक स्वराज्याचाही उल्लेख होता. २००३ च्या विद्युत अधिनियमाने तो कायदा रद्द झाला. नव्या अधिनियमाच्या ८७ व्या कलमात राज्य सल्लागार समितीची तरतूद आहे. तिच्यावर २१ पर्यंत सदस्य असू शकतात. त्यांत स्वयंसेवी संस्था व अभ्याससंस्था यांना स्थान मिळाले, ही जमेची बाजू होय. परंतु स्थानिक स्वराज्याचा उल्लेख मात्र गळला.

नव्या अधिनियमाने ग्राहकास पुष्कळ दिले, हे मान्य करावयास हवे. तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल या यंत्रणा उभ्या राहिल्या. ९४ व्या कलमान्वये आयोगापुढील कामकाजात ग्राहकांचे प्रतिनिधी अधिकृतपणे बाजू मांडू शकतात. पुण्याची प्रयास ही संस्था आणि नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन यांना राज्य वीज नियामक आयोगाने असे प्रतिनिधित्व दिले होते. परंतु हे सर्व हक्क ग्राहक या नात्याने मिळालेले आहेत. वीजकेंद्राच्या शेजारी राहणारा मनुष्य ग्राहक असतोच. त्याची मुख्य अडचण मात्र बिलाची नसून शेजाराची असते.

या शेजाराचे परिमाण ढोबळ हिशेबाने समजू शकेल. कोराडी येथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. ते चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे ४ कोटी ७५ लाख युनिट वीज निर्माण होईल. एका युनिटास ०.७ किलो कोळसा आणि त्यात ३५ टक्के राख धरली, तर एका दिवसाचा कोळसा सुमारे ३३,००० टन व राख सुमारे ११,६०० टन होते. आता वाटणी पाहावी. वीज राज्यभर जाते. कर्बवायू साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. राखेचा मोठा भाग मात्र वापरात येईपर्यंत परिसरातच साठवावा लागतो. १६ जुलै २०२२ रोजी अतिवृष्टीच्या दिवसांत कामठी तालुक्यातील खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी सभोवताली पसरले. तेव्हा या वाटणीतील विषमता साऱ्यांच्या डोळ्यांपुढे आली. हवामानाचे धोरण दिल्ली-मुंबईत ठरत असले, तरी त्याच्या विलंबाची किंमत एखाद्या गावाच्या शिवारात मोजली जाते, ती अशी.

यानंतर २९ मे २०२३ रोजी कोराडी येथे ६६० मेगावॉटच्या आणखी दोन नियोजित संचांविषयी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार होणारी अशी सुनावणी ही आज शेजाऱ्याला बोलण्याची प्रमुख कायदेशीर संधी आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि सुनावणी एका प्रकल्पापुरती व साधारणतः एका दिवसापुरती असते. प्रकल्पाचा मसुदा तयार झाल्यावर ती होते. म्हणून ‘येथे कोळसा की सौरऊर्जा’ या मूळ प्रश्नाऐवजी ‘हा प्रकल्प कोणत्या अटींवर’ एवढाच प्रश्न उरतो. शिवाय संच चालू झाल्यावर पुढील पंचवीस-तीस वर्षे अटींचे पालन कसे होते, हे विचारणारे कायम पीठ तिच्यातून निर्माण होत नाही.

नवीन कायदा न करताही ही उणीव काही अंशी भरून काढता येईल. २००३ च्या अधिनियमाच्या १६६ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात प्रत्येक जिल्ह्यासाठी एका समितीची तरतूद आहे. विद्युतीकरणाचा आढावा, पुरवठ्याचा दर्जा व ग्राहकांचे समाधान, आणि ऊर्जेची कार्यक्षमता व बचत अशी तिची तीन कामे आहेत. यांपैकी तिसऱ्या कामाचा आधार घेऊन वीजकेंद्रे असलेल्या जिल्ह्यांत या समितीस साहाय्य करणारे नागरिक मंडळ शासनास नेमता येईल. त्यावर नगरपरिषद, बाधित ग्रामपंचायती, शेतकरी, वीज कामगार आणि विद्यापीठ यांचे प्रतिनिधी असावेत. राज्य शासनाच्या २०२० पासूनच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात स्थानिक संस्थांच्या कामात ऊर्जेचा अंतर्भाव ‘अग्नी’ या तत्त्वाखाली केला आहे. त्याचीही जोड देता येईल.

अशा मंडळांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सामान्य नागरिकास तांत्रिक विषय कळत नाहीत. परंतु विहिरीच्या पाण्याचा रंग कधी बदलला, हे सांगण्यास अभियंता लागत नाही. ती माहिती अभियंत्यासही हवी असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मंडळे मर्जीतील माणसांनी भरली जातात आणि निर्णयास शोभा आणण्यापुरती उरतात. तालुक्याचे हितही एकजिनसी नसते. केंद्रात रोजगार मिळालेला कामगार आणि बंधाऱ्याजवळचा शेतकरी यांची मते सहसा जुळणार नाहीत. म्हणून मंडळात एकमताचा आग्रह नसावा. भिन्नमतांचीही नोंद व्हावी.

सारांश, सल्लागार मंडळाचे सामर्थ्य त्याच्या अधिकारांच्या संख्येवर अवलंबून नसते. तीन गोष्टी असल्या म्हणजे पुरे : राख, पाणी व हवा यांच्या मोजणीची कागदपत्रे वेळेवर पाहावयास मिळणे, योजना कागदावर पक्की होण्यापूर्वी विचारले जाणे, आणि दिलेल्या सल्ल्यास ठरावीक मुदतीत कारणांसहित लेखी उत्तर मिळणे. यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची होय. सल्ला नाकारण्याचा अधिकार निर्णयकर्त्याकडे राहावा. परंतु मौन पाळण्याचा अधिकार त्याच्याकडे राहू नये. ही अट नसेल, तर कामठीला मंडळ मिळूनही तिचा आवाज कोठे पोहोचला, हे कोणास कळणार नाही.