घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगाव हे उतरण्यापेक्षा ओलांडून जाण्याचं गाव. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरून दिवसभर गाड्या धडधडत जातात. १९०० साली इथून धुळ्याला फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. सोलापूर-धुळे महामार्ग दक्षिणेकडून औट्रम घाट उतरतो, तो इथेच खानदेशात पाय ठेवतो. वेरूळ पाहून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला हे गाव भेटतं ते चहापुरतं, फार तर शेवभाजीपुरतं.

ग्रामीण पर्यटनाची योजना कुणी मांडायला घेतली, की इटलीतल्या द्राक्षमळ्यांचा दाखला हमखास येतो. टेकड्यांवरच्या वेली, जुने किल्ले, वळणावळणाचे रस्ते आणि शेतकऱ्याच्या अंगणातलं जेवण. मग 'आपल्याकडे काय कमी आहे?' असं म्हणून आपल्या स्थळांची यादी वाचली जाते. चाळीसगावपुरती ती यादी भक्कमच आहे: लेणी, यादवकालीन देवळं, अभयारण्य, धबधबे, गिरणाकाठची काळी माती. पण यादीने काही होत नाही. वाटेवरून जाणाऱ्या पैशाचा काही हिस्सा त्याच मुलखात कसा मुरवायचा, हा खरा प्रश्न. त्याचं एक उत्तर आठशे वर्षांपूर्वी याच तालुक्यात दगडावर कोरून ठेवलेलं आहे. इटलीला जाऊन यायला हरकत नाही, पण आधी पाटणला जायला हवं.

डोंगराची भिंत

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग भिंतीसारखी उभी आहे. वर दख्खनचं पठार, खाली गिरणेचं खोरं. पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाला ही भिंत कुठे तरी उतरावीच लागे. अशा उतारांच्या आसपास लेणी कोरली गेली, यात नवल नाही. व्यापाऱ्याला मुक्काम हवा होता, भिक्षूंना दाता हवा होता.

पितळखोरा हे त्यातलं सर्वांत जुन्यांपैकी एक. आज ते कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतं, पण दरी उघडते ती खानदेशाकडे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही बौद्ध लेणी. इथला कातळ ठिसूळ असल्याने दर्शनी भाग बराच ढासळला आहे. तरी हत्तींची रांग आणि दाराशी उभे द्वारपाल पाहिले, की मूळ थाटाची कल्पना येते. वरच्या कातळातून झिरपणारं पाणी नागाच्या फण्यांतून बाहेर पडावं, अशीही योजना कारागिरांनी केली होती. १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली इथला राडारोडा उपसला गेला, तेव्हा एक बुटका, हसरा यक्ष हाती लागला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावरच्या ब्राह्मी लेखात तो घडवणाऱ्याचं नाव आहे: कान्हदास, व्यवसायाने सोनार.

दात्यांची नावंही खांबांवर आणि भिंतींवर सापडतात. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, गांधिक कुळातला मितदेव. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी. राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरची माणसं. लेण्यांच्या खर्चात राजापेक्षा बाजारपेठेचा आणि व्यवसायाचा वाटा मोठा दिसतो. वाटेने जाणाऱ्या मालावर कमावलेला पैसा वाटेकाठच्या कातळात गेला. या मुलखाचा हा पहिला हिशेब.

पाटणचा करार

दुसरा हिशेब जास्त स्पष्ट आहे, कारण तो कलमवार लिहिलेला आहे.

चाळीसगावपासून अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत, पाटण. लोकांच्या तोंडी पाटणादेवी. चंडिकेचं देऊळ, जवळच महादेवाचं कोरीव देऊळ, वर कान्हेरगड, पलीकडे धवलतीर्थ आणि केदारकुंड. नवरात्रात आणि चैत्रात इथे यात्रेची गर्दी असते. यादवांच्या काळी हे निकुंभ घराण्याच्या मांडलिक राजांचं ठाणं होतं. शके १०७५ (इ.स. ११५३) चा एक लेख सांगतो, की निकुंभ राजा इंद्रराजाने शिवालय बांधायला घेतलं आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या राणी श्रीदेवीने ते पुरं करून घेतलं.

त्यानंतर अर्ध्या शतकाने, शके ११२८ मध्ये, दुसरा लेख कोरला गेला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ सोइदेवाने त्याला जमीन आणि उत्पन्नं लावून दिली. दान दिलं गेलं तेही चंद्रग्रहणाच्या पर्वावर, ग्रहगणिताच्या शाळेला साजेसं. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा आणि 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी पुरी केली, हे त्यांच्याच ग्रंथावरून ठरतं. त्यांचं विज्जडविड गाव कोणतं, यावर मात्र वाद आहे. पाटणचा परिसर तेच असं मानणारे आहेत, तसे विजापूरचा दावा सांगणारेही आहेत. हा वाद जन्मस्थळाचा. शाळा कुठे होती, याबद्दल वाद नाही.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पैशांचा तपशील मात्र मराठीत, कारण तो बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीला उघडला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजवाड्याला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं. नगरानेही आपल्या परीने भर घातली. ग्राहकांकडून पाच पोफळं. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. धान्य मोजायचं ते मठाच्या मापाने, आणि मापाईचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

यातलं शहाणपण बारकाईने पाहण्यासारखं आहे. राजाने एकरकमी देणगी देऊन हात झटकले नाहीत. बाजार चालेल तोवर शाळा चालेल, अशी सोय केली. बोजा एकावर टाकला नाही. खरेदीदाराचे दाम, तेल्याचं तेल, मापाऱ्याची अर्धी मापाई, जो तो आपल्या धंद्यातला चिमूटभर हिस्सा देत होता. मापारी अर्ध्या वाट्याचा धनी असल्याने माप मठाचंच वापरलं जाईल, याची काळजीही आपसूक घेतली गेली. शेतातलं गळिताचं धान्य, घाण्यावरचं तेल आणि ग्रहांचं गणित एका हिशेबात बांधलं गेलं.

ही परंपरा पाटणपुरती नव्हती. गिरणाकाठी, चाळीसगाव तालुक्यातच, बहाळ आहे. तिथे शके ११४४ (इ.स. १२२२) चा लेख आहे. भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती यांच्या वंशातला अनंतदेव, तोही सिंघणाचा ज्योतिषी, त्याने तिथे भवानीचं देऊळ उभारलं. याच बहाळला पुरातत्त्व खात्याने १९५०च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली शेतकरी वस्ती उघडी झाली. नदीपलीकडे टेकवाड्याला त्या काळची दफनं मिळाली. साडेतीन हजार वर्षं लोक या काळ्या मातीला धरून आहेत.

निनावी माल

मग वाट उलटी कधी फिरली? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कपाशीला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. माल मुंबईला जाऊ लागला, तो आजतागायत जातोच आहे. घाटाला नाव मिळालं ते भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं. पाटणची पेठ तोवर रानात गेली होती.

आज तालुक्यात पैशाचं पीक म्हणजे कपाशी. दसऱ्यापासून वेचणीची लगबग सुरू होते. ऐन दिवाळीत घराघरात पांढरे ढीग असतात आणि खेडा खरेदीवाला व्यापारी काटा घेऊन दारात येतो. कापूस गाडीत पडला, की त्याचं गाव संपलं. जिनिंगमध्ये दहा गावांचा माल एकत्र होतो, गठाणीवर शेताचं नाव राहत नाही. उसाचं तेच, मक्याचं तेच. भाव पडला तर झळ गावाला. चढला तर नाव मात्र गावाचं होत नाही.

नाव असलेली पिकं जिल्ह्यात आहेत. जळगावची केळी आणि जळगावचं भरीत वांगं या दोघांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भरीत हा पदार्थ इथल्या शेतीचा सबंध जमाखर्च आहे. कपाशी संपली की उरतात वाळक्या पऱ्हाट्या. त्यांचा जाळ करून त्यावर फिकट हिरवी, हातभर वांगी आडवी टाकायची. साल करपून सुटू लागली की उलटायची. गर लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचा, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेलाची सढळ फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. पऱ्हाट्यांच्या धुराचा वास गॅसवर येत नाही, म्हणून हे जेवण शेतात जाऊनच जेवावं लागतं. असोदा, बामणोदच्या बाजूला हिवाळ्यात भरताच्या पंगती बसतात त्या याचसाठी.

पाण्याच्या वाटणीतही खानदेशाकडे सांगण्यासारखं आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत काही शतकं चालली. नदीला बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाळीपाळीने फड बदलायचे, पाटकऱ्याने पाणी सोडायचं आणि जागल्याने पिकं राखायची. टंचाईच्या वर्षी कमी पाण्यात कुणाचा फड भिजायचा, हे लाभधारक मिळून ठरवत. नजरेला सुंदर दिसणारी ही हिरवी पट्टी नियमांनी राखलेली होती.

पिमाँतचा धडा

उत्तर इटलीतल्या पिमाँत प्रांतातले लांगे, रोएरो आणि मोनफेरातो हे द्राक्षमुलूख युनेस्कोने २०१४ साली जागतिक वारशात घेतले. नोंद झाली ती किल्ल्याबरोबरच वेलींच्या ओळींची, तळघरांची आणि त्यामागच्या कसबाची. ते पाहून आपण हरखतो, पण या टेकड्या पूर्वी दरिद्री होत्या. बेप्पे फेनोल्यो या लेखकाने १९५४च्या 'ला मालोरा' या कादंबरीत तिथल्या कुळांची उपासमार मांडली आहे. तरुण पोरं शेती टाकून तुरीनच्या मोटार कारखान्यात जात. १९८६ साली तर पिमाँतमधल्याच काही व्यापाऱ्यांनी वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलं, वीसहून अधिक माणसं दगावली आणि इटालियन वाइनची अब्रू गेली.

तिथून सावरायला पैशांइतकेच नियम कामी आले. १९८५च्या कायद्याने ठरवलं होतं, की शेतघरी पाहुणे ठेवणाऱ्याचा मुख्य धंदा शेतीच असला पाहिजे. १९९९च्या कायद्याने 'वाइनच्या वाटा' आखायची रीत घालून दिली: मळे, तळघरं आणि पाहण्यासारखी ठिकाणं खुणांच्या पाट्यांनी जोडायची आणि सामील होणाऱ्यांनी ठरलेला दर्जा पाळायचा. बारोलो, बार्बारेस्को ही गावांची नावं बाटलीवर असतात. बाटली विकली जाते तेव्हा गावही विकलं जातं, आणि गावातच राहतं.

नाशिकने २०००च्या सुमारास याच दिशेने पावलं टाकली आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन पर्यटन उभं राहिलं. चाळीसगावने द्राक्षांची नक्कल करू नये. इथलं पाणी आणि माती वेगळी आहे. उचलायचा तो नियम. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्यामुळे कागदावरची सोयही आहे.

दोन वाटा, एक अट

इथे दोन वाटा सहज आखता येतात. एक डोंगराची: पाटणादेवी, महादेवाचं देऊळ, नागार्जुन लेणी, आणि घाट चढून पितळखोरा. दुसरी नदीची: चाळीसगाव, बहाळ, जामदा बंधारा आणि गिरणाकाठचे मळे. शहरात रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर दोन्हींच्या तोंडाशी आहे. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून देखावे रचणारा आणि त्यांचे फोटो काढणारा हा कलावंत १९८९ साली वारला. आयुष्यातली कित्येक दशकं तो या घराबाहेर क्वचितच पडला.

डोंगराच्या वाटेला मर्यादा आहेत आणि त्या पाळाव्याच लागतील. १९८६ साली जाहीर झालेलं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य २६० चौरस किलोमीटरचं आहे, पाटण त्यातच येतं. ३१ ऑगस्ट २०२१ला घाटात दरडी कोसळल्या, खाली तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. डोंगराला धक्का लागला की शेताला लागतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. म्हणून इथे रिसॉर्टांची रांग नको. पायवाट, स्थानिक वाटाड्या, ठरावीक माणसं आणि रात्रीचा मुक्काम खालच्या गावांत, शेतकऱ्याच्या घरी.

अट मात्र जुनीच हवी. वाहनतळ असो, भरताची पंगत असो वा वाटाड्याची फी, प्रत्येक व्यवहारातला ठरलेला हिस्सा पायथ्याच्या गावातल्या शाळेला आणि पाणलोटाच्या कामाला जावा. हिस्सा लहान असावा, सगळ्यांनी द्यावा आणि गोळा करणाऱ्यालाही त्यात वाटा मिळावा, म्हणजे पावती फाडायचा कंटाळा येणार नाही. त्यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. आपल्या हद्दीतल्या वाहनतळापुरता ठराव करायला ग्रामसभा पुरेशी आहे, आणि तो करताना पहिलं कलम गणिताच्या शिक्षकाचं असायला कुणाची हरकत नसावी.