हॉट वॉटर प्रेशर वॉशरचा जनरेटर करंट देत नाही? मोटर जळाली म्हणण्याआधी हे तपासा

मागच्या महिन्यात रात्री मावसभावाचा फोन आला. तो टेम्पोवर प्रेशर वॉशर बसवून ट्रक, हॉटेलचं किचन धुवायची कामं घेतो. "अरे, इंजिन मस्त चालतंय, पाणी जोरात येतंय, पण थंडगार! उद्या सकाळी किचनचं काम आहे. तेलाचा चिकट थर थंड पाण्याने निघतो का?" एका दुकानात त्याला "अल्टरनेटर जळालाय, रिवाइंडिंग करावं लागेल" असं सांगून मोकळे झाले होते. मी मल्टीमीटर घेऊन गेलो.

आधी मशीन समजून घ्या

या मशीनमध्ये एकच पेट्रोल इंजिन पंप फिरवतं आणि बेल्टने छोटा जनरेटरही. पाणी तापवतो तो डिझेलचा बर्नर. त्याचा पंखा, डिझेल पंप आणि ठिणगी या तिन्हींना वीज लागते. म्हणून जनरेटर बसला की प्रेशर येतं, पण पाणी तापत नाही.

स्टेप १: सोपं ते आधी

इंजिन बंद केलं, स्पार्क प्लगची वायर काढली आणि मगच बेल्टला हात लावला. बेल्ट घट्ट होता. एमसीबी पडलेली नव्हती. बेल्ट ढिला असेल तर जनरेटरचे आरपीएम कमी होतात, व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी दोन्ही घसरतात. दोन पोलच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएम लागतात.

स्टेप २: व्होल्टेज मोजा

बर्नरचा प्लग काढून, कोरड्या हातांनी, मीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून सॉकेट तपासलं. यायला हवे होते २३० व्होल्ट, आले फक्त ४!

इथेच खरी गंमत आहे. हे ४ व्होल्ट येतात रोटरच्या लोखंडात शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वामुळे. एव्हीआर त्यातूनच थोडा डीसी करंट ब्रशमधून रोटरला देतो, चुंबक ताकदवान होतो आणि व्होल्टेज वाढत जातं. आमच्याकडे चुंबकत्व होतं, पण पुढची साखळी कुठेतरी तुटली होती.

(अगदी शून्य आलं असतं, तर चुंबकत्व गेल्याचा संशय आला असता. तेव्हा एव्हीआर सोडवून १२ व्होल्टच्या बॅटरीने दोन-तीन सेकंद रोटरला करंट देतात. प्लस-मायनस चुकवायचं नाही, म्हणून पहिल्यांदा माहितगाराला सोबत घ्या.)

स्टेप ३: ब्रश की वाइंडिंग?

इंजिन पुन्हा बंद. मागचं कव्हर उघडलं आणि एकही वायर काढायच्या आधी मोबाईलवर तीन बाजूंनी फोटो काढले. ही सवय लावून घ्याच. मग मीटर ओहमवर:

- ब्रशच्या वायरींवर: सर्किट ओपन
- थेट स्लिप रिंगवर: ५८ ओहम
- स्लिप रिंग ते रोटरचा शाफ्ट: ओपन, म्हणजे गळती नाही

म्हणजे रोटरची वाइंडिंग ठणठणीत! बिघाड ब्रशमध्ये. एक ब्रश झिजून होल्डरमध्येच अडकला होता आणि रिंगवर काळा थर बसला होता. पावसाळ्यात मशीन बरेच दिवस उघड्यावर पडून होतं, त्याचा हा प्रसाद.

स्टेप ४: दुरुस्ती

बारीक पॉलिश पेपरने रिंग हलक्या हाताने साफ केली, भुकटी पुसली, दोन्ही ब्रश नवे टाकले. फोटो बघून वायरी जशाच्या तशा जोडल्या. इंजिन सुरू केलं, मीटरवर २२८ व्होल्ट! बर्नर लावल्यावर २२०. थोड्याच वेळात नळीतून वाफ यायला लागली. भाऊ म्हणाला, "आणि मी रिवाइंडिंगला पैसे द्यायला निघालो होतो!"

या चुका करू नका

- बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वासही येत नाही, पण जीव घेतो.
- जिथे पाणी तिथे वीज, म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.
- काम संपल्यावर आधी बर्नर बंद करा, काही मिनिटं थंड पाणी सोडा, मग इंजिन बंद करा.

"जळालंय" हा शब्द कुणी उच्चारला, की आधी विचारा: "मीटर लावून बघितलं का?"