गादी आणि संचालक मंडळ

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या चांदीच्या जुन्या पेढीवर हुद्द्यांच्या पाट्या नसतात. तरी गादीवर कोण, वहीपाशी कोण, कारागिराशी कोण बोलणार, हे नव्या गिऱ्हाइकालाही कळते. मालकाचा मुलगा पुढे गादीवर बसणार, हेही कुणी सांगत नाही. माझ्या वऱ्हाडी मनातली संघटना ती हीच. म्हणून २ जुलै १९८१ रोजी पुण्यात नोंदलेल्या एका कंपनीची कहाणी मी पेढीशेजारी ठेवून वाचतो.

इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड. सात अभियंते आणि १०,००० रुपये, तेही सुधा मूर्ती यांच्या बचतीतले. पाटणी कॉम्प्युटर्समधल्या नोकरीपासून सातही जण एकमेकांना ओळखत, त्यामुळे अधिकाराचे कागद कमी असले तरी चालत होते. १९८३मध्ये कंपनी बंगळुरूला गेली. १९८९मध्ये अशोक अरोरा बाहेर पडले, आणि पुढे कंपनी विकण्याचाच विचार निघाला. त्या वेळी नारायण मूर्ती म्हणाले, तुम्हाला जायचे तर तुमचा हिस्सा मी घेतो. बाकीचे थांबले. सात बरोबरीच्यांत अखेरचा शब्द कुणाचा, हे माझ्या मते त्या दिवशी ठरले, कुठल्याही आराखड्याआधी.

मग आराखडे आले. १९९२मध्ये कंपनी सार्वजनिक झाली, १९९३मध्ये समभाग बाजारात विकले गेले. अनोळखी भागधारकाला मैत्री दाखवता येत नाही. त्याला मंडळ, हिशेब, लेखापरीक्षण लागते. परदेशी ग्राहकाचेही तसेच. कापसाची गाठ गोदामात मोजता येते. सॉफ्टवेअरचा बराचसा माल माणसाच्या डोक्यात असतो, आणि माणूस नोकरी सोडून जातो. म्हणून काम कसे करायचे, कुणी तपासायचे, चूक कुठे नोंदवायची, हे लिहून काढावे लागते. १९९९मध्ये इन्फोसिसने या शिस्तीची, सीएमएमची, सर्वोच्च पाचवी पातळी गाठली.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र घरातला होता. नवरा-बायकोंपैकी एकानेच कंपनीत राहायचे, असे मूर्तींनी ठरवले. सुधाताई स्वतः टेल्कोतल्या अभियंता. त्या बाहेर राहिल्या. नियमामागचा हेतू मला पटतो, त्याची किंमत कुणी मोजली ते पटत नाही.

नियमही सरळ चालला नाही. २०१३मध्ये मूर्ती परतले तेव्हा मुलगा रोहन साहाय्यक म्हणून सोबत आला. वर्षभरात दोघेही गेले. २०१४मध्ये विशाल सिक्का आले, संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी. ऑगस्ट २०१७मध्ये, संस्थापक आणि मंडळ यांच्या जाहीर वादात, त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षपदी परत सातांपैकीच एक, नंदन नीलेकणी. त्या वादात मूर्ती बाहेरून, भागधारक म्हणून जाब विचारत होते. आमच्याकडे गादीवरून उठलेला म्हातारा दारातल्या खुर्चीत बसतो, आणि भाव तिथूनच सांगतो.