खाडीच्या पाण्याचे गणित

वर्सोवा, मढ, मनोरी आणि गोराई येथील कोळी बांधवांना भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढते. पाणी केव्हा चढेल, हे या हिशोबाने कळते. परंतु त्या पाण्याबरोबर काय आले, ते कोठवर गेले आणि किती काळ राहिले, हे त्यावरून कळत नाही. ते काम आता संगणकाच्या साहाय्याने केले जाते.

सोडलेले पाणी परत येते

मुंबई उपनगराच्या पश्चिमेस मालाडची खाडी, तर पूर्वेस घाटकोपर व मुलुंडच्या बाजूस ठाण्याची खाडी आहे. वरळी व वांद्रे येथील सांडपाणी नळाने तीन किलोमीटरांहून अधिक दूर समुद्रात सोडले जाते. मालाडकडील सांडपाणी मात्र खाडीत येत आले आहे. ओहोटीने ते वाहून जात असेल, असा सर्वसाधारण समज असतो. पाण्याचा सरासरी वेग सेकंदास अर्धा मीटर धरला, तर सहा तासांच्या ओहोटीत ते सुमारे 11 किलोमीटर जाईल. परंतु पुढील भरतीत त्यातील बराच भाग माघारी येईल. भांगाच्या दिवसांत पाण्याची ये-जा कमी होते. पावसाळा सरला की वरून येणारे गोडे पाणीही आटते. अशा वेळी घाण खाडीतच घोळत राहते. ती कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. व्यापारी मासेमारीच्या किनारी पाण्यात दर लिटरला किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा आपल्या देशातील निकष आहे.

संगणक काय करतो?

पूर्वी असे प्रश्न खाडीची लहान प्रतिकृती बांधून व तीत पाणी खेळवून सोडवीत. पुण्याजवळ खडकवासला येथे, 1916 साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्रात अशा प्रतिकृती पाहावयास मिळतात. संगणकात प्रतिकृतीची जागा आकडे घेतात. खाडीचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाची खोली नोंदवितात. मुखाशी भरतीची उंची आणि वरच्या अंगास नदीनाल्यांचे पाणी मांडतात. चौकोनात जितके पाणी आले त्यातून गेलेले वजा केले, म्हणजे पातळी किती चढली ते मिळते. त्याच पाण्याबरोबर मीठ, घाण आणि प्राणवायू यांचा जमाखर्च मांडला जातो. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालाड खाडीचे असे गणित केलेले आहे. सांडपाणी अधिक शुद्ध केले अथवा त्याची जागा बदलली, तर खाडी किती सुधारेल, हे खर्च करण्यापूर्वीच अजमाविता येते.

खारशेतीशी संबंध

कोकणच्या खार बंदिस्तीतील शेतकऱ्यांसही या विद्येचा उपयोग आहे. उधाणाचे पाणी कोठवर चढेल, यावर बांधाची उंची ठरते. मोठा पाऊस व भरती एकाच वेळी आल्यास उघाडीतून पाणी बाहेर पडत नाही व भात बुडते. उघाड्या किती व कोठे असाव्यात, हे अशा गणिताने आधी पाहता येते.

नोंद खरी हवी

संगणकास खाडी दिसत नाही. त्यास फक्त आकडे दिसतात. गाळाने पात्र उथळ झाले आणि गणितात जुनीच खोली राहिली, तर उत्तर चुकेल. म्हणून गणिताचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी कोळी व शेतकरी बांधवांच्या साहाय्याने पुढील नोंदी ठेवाव्यात:

1. धक्क्यावर किंवा उघाडीजवळ खुणांची पट्टी पक्की रोवून पाण्याची उंची वेळेसह लिहावी.
2. पाण्याचा नमुना भरतीच्या व ओहोटीच्या अखेरीस, असा दोन वेळा घ्यावा. बाटलीवर जागा, तिथी व वेळ लिहावी.
3. प्राणवायूची तपासणी जागीच करवून घ्यावी. बाटली नुसती भरून पाठविल्यास आकडा बदलतो.
4. मासे मेलेले आढळल्यास तो दिवस, भरतीची स्थिती आणि पाण्याचा रंग व वास यांची नोंद त्याच दिवशी करावी.

खाडीत काय सोडावे व कोठे सोडावे, याचे निर्णय पुष्कळदा कागदावरील आकड्यांवरून होतात. खाडीकाठच्या माणसाचे रोजचे निरीक्षण त्या आकड्यांत उतरले नाही, तर त्याचे नुकसानही हिशोबात धरले जाणार नाही. ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर आहे, त्यांनी म्हणूनच नोंदवहीचा कंटाळा करू नये.