राइलची मोजणी, नारळीकरांची पोकळी

लालबर्र्यात आमची शाळा हिंदी, घर मराठी. धान कापून झालं की कार्तिकातल्या रात्री मी मुलांना डोक्यावरचा भाद्रपदांचा चौकोन दाखवते. त्याच्या दक्षिणेला, मीन राशीत, चार अब्ज प्रकाशवर्षांवर सरस्वती नावाचा दीर्घिकांचा महासमूह आहे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी मी बोट दाखवतेच.

मग महासमूहांवरून 1961 सालची गोष्ट निघते. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल आकाशातले रेडिओ स्रोत मोजत होते. फ्रेड हॉईल यांच्या मते विश्वाला आरंभ नव्हता, ते सदासर्वकाळ असंच होतं. दूरचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं. विश्व बदलत नसेल तर स्रोतांची दाटी दूरही जवळच्याइतकीच हवी. राइल यांना मात्र अंधुक, म्हणजे दूरचे, स्रोत फार जास्त सापडले. हॉईल यांच्या बाजूने उत्तर द्यायला उभा राहिला कोल्हापुरात जन्मलेला बाविशीतला विद्यार्थी, जयंत नारळीकर. दीर्घिकांचे प्रचंड महासमूह असतील, मधे तशाच पोकळ्या असतील आणि आपण एखाद्या पोकळीत असू, तर जवळचे स्रोत कमी दिसणारच!

1965 मध्ये सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी विश्वाला आरंभ होता असं मानणारा महास्फोटाचा सिद्धांत स्वीकारला. पण दीर्घिकांचे नकाशे तयार होऊ लागले तसे महासमूहही दिसले. आमच्या धानाच्या बांध्यांसारखीच मांडणी: मधे मोकळं, कडेने धुरे, धुरे मिळतात तिथे दाटी. सरस्वती ही अशीच एक दाटी, 60 कोटी प्रकाशवर्षं पसरलेली. 2017 मध्ये ती स्लोन सर्वेक्षणाच्या नोंदींतून शोधली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या संशोधकांनी. आयुका 1988 मध्ये नारळीकरांनीच उभी केली. मोजणीने त्यांचा सिद्धांत मागे पडला आणि मोजणीनेच त्यांचा महासमूहांचा अंदाज खरा ठरवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता परीक्षा आरंभाच्या सिद्धांतांची आहे. पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व अफाट फुगलं आणि तेव्हाच्या बारीक चढउतारांतून पुढे दीर्घिका जमल्या, असं मानतात. ते कशामुळे फुगलं, यावर आजच्या दीर्घिकांची मांडणी किंचित बदलते, आणि हा फरक अगदी मोठ्या अंतरांवरच उमटतो. त्यासाठी सगळं आकाश मोजावं लागतं. मार्च 2025 मध्ये अवकाशात गेलेली नासाची स्फिअरएक्स दुर्बीण तेच करते आहे: 102 रंगांत, सुमारे 45 कोटी दीर्घिकांची नोंद.

नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. महास्फोट त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही. 'मग मॅडम, ते हरले का?' मुलं विचारतात. मी फळ्यावर राइल यांच्या मोजणीचा आलेख काढते आणि खडू मुलांच्याच हातात देते: आपण पोकळीत असतो तर ही रेघ कुठे वळली असती, ते काढून दाखवा.