बाहुला, पुतळा की खेळणे?

२००३ सालच्या जानेवारीत न्यूयॉर्क येथील अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने एका विलक्षण प्रश्नाचा निकाल दिला. ‘एक्स-मेन’ या चित्रकथामालेतील पात्रे माणसे आहेत किंवा नाहीत, असा तो प्रश्न होता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभावा असा हा वाद न्यायालयात आला तो मात्र जकातीच्या वाटेने. टॉय बिझ या कंपनीने या व अशाच इतर अतिमानवी नायकांचे प्लॅस्टिकचे लहान पुतळे परदेशात करवून अमेरिकेत आणले होते. तेव्हाच्या दरपत्रकाप्रमाणे आकृती माणसाची असेल तर ती ‘बाहुली’ आणि तिच्यावर १२ टक्के जकात. आकृती मनुष्येतर असेल तर ते ‘खेळणे’ आणि त्यावर ६.८ टक्के. जकात खात्याचे म्हणणे, या बाहुल्या आहेत. कंपनीचे म्हणणे, ज्यांना पंजे आहेत, शेपट्या आहेत, त्यांना माणूस कोण म्हणेल? न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी ते पुतळे पुढ्यात घेऊन बारकाईने तपासले आणि कंपनीच्या बाजूने कौल दिला. एक्स-मेन माणसे ठरली नाहीत.

या निकालाने मालिकेचे वाचक दुखावले, यात नवल नव्हते. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही पात्रे निर्माण केली तेव्हापासून ही कथा एकच गोष्ट सांगत आली आहे: जन्मतः वेगळी असली तरी ही माणसेच आहेत, आणि त्यांना माणूस न मानणारे समाजकंटक होत. ती छापणारी मार्व्हल कंपनी आणि टॉय बिझ १९९८ पासून एकाच घरात नांदत होत्या. म्हणजे छापखान्यात जे माणूस, ते बंदरावर पशू! पाच टक्क्यांच्या फरकापायी तत्त्वे कशी वितळतात याचे इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

जकातीचा तो भेद पुढे राहिला नाही. पण ‘बाहुली’ या शब्दाचा संकोच जुना आहे आणि या सबंध व्यवसायाचा पाया त्यावरच रचलेला आहे. मॅटेल कंपनीच्या ‘बार्बी’ने १९५९ पासून एक धडा घालून दिला होता: बाहुली एकदाच विकली जाते, पण तिचे कपडे पुनःपुन्हा विकले जातात. स्टॅन वेस्टन या परवाने मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला वाटले, की हाच धडा मुलग्यांसाठी गिरवावा. स्त्रीच्या जागी सैनिक असावा. ही कल्पना त्याने हॅस्ब्रो कंपनीला एक लाख डॉलरला विकली आणि १९६४ साली ‘जी. आय. जो’ हा १२ इंची सैनिक बाजारात आला. अडचण एवढीच होती, की मुलगा बाहुली हातात घेणार नाही, निदान त्याचा बाप ती घेऊन देणार नाही. त्यामुळे ‘अ‍ॅक्शन फिगर’ असा नवा शब्द घडविण्यात आला आणि त्या शब्दाला आधार म्हणून सैनिकाच्या अंगी २१ हलते भाग देण्यात आले. चित्रकार वापरतात त्या सांध्यांच्या लाकडी मनुष्याकृतीवरून त्याची रचना सुचली, असे सांगतात.

त्या सैनिकाच्या उजव्या अंगठ्याचे नख चुकून आतल्या बाजूस बसले होते. कंपनीने ती चूक दुरुस्त केली नाही. नक्कल ओळखण्याची खूण म्हणून ती तशीच ठेवली. संग्राहकांचा सारा शोधक स्वभाव मला या एका नखात दिसतो. दोन वस्तू शेजारी ठेवाव्यात, फरक हेरावा आणि त्या फरकामागचे कारण शोधावे, हे टपालतिकिटे जमविणारा करतो, नाणी जमविणारा करतो. त्याला आपण छंद म्हणतो आणि त्याचा थोडा आदरही करतो. प्रौढ माणूस सांधेदार पुतळे जमवू लागला, की मात्र आपल्याला हसू येते. हे हसू सर्वस्वी न्याय्य आहे असे मला वाटत नाही. मात्र या छंदात दोन जातीचे लोक आहेत आणि त्यांच्यात भेद करणे अवश्य आहे, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आठ इंचांपासून पावणेचार इंचांपर्यंत

अतिमानवी नायक या क्षेत्रात आले तेही वेस्टनच्याच कल्पनेतून. आयडियल कंपनीचा ‘कॅप्टन अ‍ॅक्शन’ (१९६६) हा एक कोरा देह होता; त्याच्यावर सुपरमॅन, बॅटमॅन किंवा कॅप्टन अमेरिका यांचा वेष व मुखवटा चढवावयाचा. पण खरा जम बसविला तो मेगो कंपनीने. १९७२ पासून तिने आठ इंची नायकांची माला काढली. एकच धड, डोके तेवढे वेगळे आणि अंगावर कापडाचा पोशाख, ही तिची काटकसरीची युक्ती. डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांचे नायक तिने एकाच मालेत आणले, हे तिचे दुसरे कर्तृत्व. बॅटमॅनचा मुखवटा सुरुवातीला काढता येत असे, नंतर तो डोक्यासह एकसंध ओतला जाऊ लागला. आज संग्राहक शोधतात तो पहिला.

१९७६ साली ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची खेळणी काढण्याची संधी मेगोकडे चालून आली होती. तिने ती नाकारली. केनर कंपनीने ती घेतली आणि पुतळ्याची उंची पावणेचार इंचांवर आणली, कारण मोठ्या पुतळ्याला बसण्याजोगे विमान कोणत्याही मध्यमवर्गीय घरात मावले नसते. १९८२ साली मेगोने दिवाळखोरीचा अर्ज केला. उंचीबरोबर सांधेही गेले: मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढे पाचच उरले. खुर्चीवर बसविला तर पाय काठीसारखे ताठ पुढे येणारा नायक एका पिढीने निमूटपणे स्वीकारला. १९८४ साली मॅटेलने मार्व्हलच्या नायकांची ‘सीक्रेट वॉर्स’ ही माला काढली, तिची हीच तऱ्हा होती. त्याच वर्षी निघालेल्या केनरच्या ‘सुपर पॉवर्स’मध्ये पाय दाबले की हात ठोसा मारीत. गंमत मोठी, पण माणसाच्या शरीराशी तिचा संबंध थोडा.

तथापि ‘सुपर पॉवर्स’ची एक गोष्ट विसरता कामा नये. चित्रकथांच्या व्यवसायात कलावंताला पानागणिक मजुरी मिळे आणि हक्क कंपनीकडे जात. जॅक कर्बी हा त्या अन्यायाचा सर्वांत ठळक बळी. डीसीच्या चालकांनी या खेळण्यांच्या निमित्ताने त्याच्याकडून त्याच्याच जुन्या पात्रांची नवी रेखाटने करवून घेतली, ती त्याला पुतळ्यांच्या विक्रीवर मानधन मिळावे म्हणून. अर्धे अमेरिकी चित्रकथाविश्व ज्याने उभे केले, त्याला आपल्या पात्रांवर विक्रीचा वाटा मिळाला तो अशा आडवाटेने. पुतळ्यांना क्षुद्र वस्तू मानणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात घ्यावा.

उखळीचा सांधा, बिजागरीचा सांधा

शाळेच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात सांध्यांचे प्रकार सर्वांनी पाठ केलेले असतात: खांद्याचा व खुब्याचा उखळीचा सांधा, कोपराचा व गुडघ्याचा बिजागरीचा सांधा, मानेचा खिळीचा सांधा. २००२ साली टॉय बिझने ‘मार्व्हल लेजेंड्स’ ही सहा इंची माला सुरू केली, तेव्हा हे पाठ जणू प्लॅस्टिकमध्ये उतरले. पाचांच्या जागी तीस-तीस सांधे आले; काही पुतळ्यांची बोटेसुद्धा वाकू लागली. २००७ पासून ही माला हॅस्ब्रोकडे आहे.

या पुतळ्यांची तुलना करणारे लोक नेमके काय पाहतात, हे समजून घेण्यास स्पायडरमॅनचे उदाहरण घ्यावे. १९६२ साली स्टीव्ह डिट्को याने हा नायक प्रथम चितारला. तो उभा राहतो थोडा. बहुधा तो भिंतीला चिकटलेला, गुडघे कानांपर्यंत आणलेला, एक हात पाठीमागे आणि दुसरा छातीवरून पलीकडे फेकलेला असा असतो. कागदावर हे सोपे आहे. प्लॅस्टिकमध्ये गुडघ्याला एक बिजागरी दिली तर पाय काटकोनापुढे फारसा वाकत नाही; टाच मांडीला टेकावयाची तर एकाखाली एक अशा दोन बिजागऱ्या हव्यात. हात छातीवरून पलीकडे न्यावयाचा तर खांद्याच्या उखळीमागे आणखी एक बिजागरी लपवावी लागते. पोटाला सांधा दिल्याखेरीज त्याला दबा धरून बसता येत नाही. पण प्रत्येक सांध्यापाशी देहाला चीर पडते. कोरलेल्या स्नायूची रेषा तुटते, अंगरख्यावरील जाळ्याचे चित्र दुभंगते, कोपराच्या बाजूस खिळीचे गोल टोक दिसू लागते. हालचाल मिळवावी तर रूप जाते, रूप राखावे तर हालचाल जाते.

प्रत्येक निर्मात्याने या पेचाचे आपल्यापरीने उत्तर दिले आहे. टॉड मॅकफार्लेन याने १९९४ साली आपल्या ‘स्पॉन’चे पुतळे काढले ते कोरीव कामासाठी; पुढेपुढे ते इतके रेखीव झाले, की हलावयाचे जवळजवळ थांबले. जपानी निर्मात्यांनी उलट सांध्यालाच सुंदर करण्याचा ध्यास घेतला. २००८ साली सुरू झालेल्या बांदाईच्या ‘फिग्युआर्ट्स’ आणि मॅक्स फॅक्टरीच्या ‘फिग्मा’ या माला त्याची साक्ष देतील. हॅस्ब्रोने अलीकडच्या वर्षांत खीळ देहाच्या आत लपविण्याची रीत काढली. यांपैकी कोण बरोबर, यावर संग्राहक तासन् तास वाद घालतात. मला तो वाद पोरकट वाटत नाही. शिल्पशाळेत किंवा नृत्यशाळेत होणाऱ्या चर्चेचाच तो दूरचा नातलग आहे.

शिवाय या तुलनेला एक व्यावहारिक धारही आहे. मेगोची जुनी युक्ती मेलेली नाही. आजही एकाच साच्यातील धडावर रंग बदलून चार-चार नायक विकले जातात. हे धड पूर्वी कोणत्या नायकाचे होते, मनगट कोणत्या साच्यातून आले, हे पारखणारा ग्राहक असेल तरच निर्मात्याला थोडा धाक राहतो.

सहाव्या पेटीतील पाय

निर्मात्यांनीही या ग्राहकाची नाडी ओळखली आहे. २००५ साली टॉय बिझने गॅलॅक्टस या प्रचंड पात्राचे अवयव वेगवेगळ्या पेट्यांत वाटून टाकले. एका नायकाबरोबर पाय, दुसऱ्याबरोबर हात. सगळे घेतले तर गॅलॅक्टस उभा राहणार. कल्पना चतुर आहे, आणि मला ती अप्रामाणिक वाटते. नको असलेला पुतळा हव्या असलेल्या पायासाठी घ्यावा लागतो, आणि मग निवड, पारख, तुलना हे सारे संपून केवळ भरती उरते. ही पद्धत आज सर्रास रूढ आहे.

दुसऱ्या जातीचे लोक आणखी पुढे गेले आहेत. ते पेटी उघडतच नाहीत. बंद पेटीतील पुतळा पारदर्शक डब्यात मोहोरबंद करून त्याला शंभरांपैकी गुण देणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. गुणांवर किंमत ठरते. ज्याच्या अंगी तीस सांधे आहेत त्याचा एकही सांधा कधी हलू नये, हीच त्याची प्रतिष्ठा! याला संग्रह म्हणणे कठीण आहे. धान्याच्या कोठारातील साठ्याला कोणी शेती म्हणत नाही. आणि काळ या साठ्यावरही दया करीत नाही. मऊ प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले द्रव्य वर्षांगणिक पाझरते आणि पेटी न उघडताच पुतळा चिकट होतो. पांढरा रंग पिवळा पडतो.

आपल्याकडील हौशी माणसाला पेटी बंद ठेवण्याचा मोह होतो याचे एक कारण किंमत हेही आहे. खेळण्यांवरील आयात जकात भारताने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेली. देशी निर्मात्याला आधार हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. देशी निर्मात्याने या क्षेत्रात काय केले होते, ते मात्र आपल्यापेक्षा परदेशी संग्राहकांना अधिक ठाऊक आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहकार्याने निघालेली व गोव्यात कारखाना असलेली फनस्कूल ही कंपनी गेल्या शतकाच्या अखेरीस पावणेचार इंची ‘जी. आय. जो’ येथेच घडवीत असे. साचे अमेरिकेचे, पण रंग येथले. एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर, हिरव्याच्या जागी भलताच भडक रंग, असे प्रकार त्यात घडले, आणि नेमक्या याच विचित्रपणासाठी अमेरिकेतील संग्राहक ते पुतळे आजही शोधून घेतात.

या लहान सैनिकांचे कमरेवरचे आणि कमरेखालचे अंग १९८२ पासून आत एका काळ्या रबरी कड्याने जोडलेले असे. ते कडे झिजून तुटते आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. जाणकार पाठीचा स्क्रू काढून नवे कडे बसवितो आणि सैनिक पुन्हा वळू-वाकू लागतो. त्याला दुरुस्त करता येत नाही तो अंगठा. हातात बंदूक कोंबताना मुलांच्या हातून तो हटकून मोडे. म्हणूनच जुन्या पुतळ्यांच्या विक्रीच्या यादीत रंग आणि शस्त्रे यांच्या खाली ‘अंगठे शाबूत’ असे आवर्जून लिहिलेले असते. ज्यांचे अंगठे मोडके आहेत ते स्वस्तात मिळतात.